श्रद्धेचा वारसा आणि ‘पुढे जाणारी’ पिढी

पुढची पिढी मागच्या पिढीपेक्षा अधिक साध्य करते, हे विधान ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात दोन भिन्न अर्थांनी केले जाते. एका अर्थाने ते कार्याविषयी असते: संस्था, ग्रंथ, भाषांतरे, शिक्षण. दुसऱ्या अर्थाने ते प्रत्यक्ष श्रद्धेविषयी असते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या विवेचनात हे दोन्ही अर्थ बहुधा नकळत एकमेकांत मिसळतात. 1616 सालचे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, 1857 सालचे बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’, त्यानंतर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक असा चढता आलेख काढला जातो, आणि वाङ्मयाचा आलेख चढला म्हणजे त्यामागील श्रद्धेचाही चढला, असे गृहीत धरले जाते.

या गृहीताला धर्मग्रंथाचा आधार नाही असेही म्हणता येत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की, विश्वास ठेवणारा आपण केलेली कामे करील, किंबहुना त्यांहून मोठी करील. शिष्याकडून पराजय इच्छावा, ही संस्कृत सुभाषितकारांची भावनाही मराठी वाचकाला परकी नाही. मात्र शुभवर्तमानातील आश्वासन कामांविषयी आहे. विश्वास ही तेथे त्या कामांची पूर्वअट आहे. त्या विश्वासाहून मोठा विश्वास तेथे कबूल केलेला नाही.

सोरेन किर्केगार्दने 1843 साली योहानेस दे सिलेन्तियो या टोपणनावाने लिहिलेल्या ‘भय आणि कंप’ या ग्रंथात नेमके या भेदावर बोट ठेवले आहे. आपल्या काळात श्रद्धेपाशी कोणी थांबत नाही, जो तो तिच्या ‘पुढे’ जातो, असा उपरोध तो आरंभीच करतो. त्याच्या मते ज्ञान साठवता येते, हस्तांतरित करता येते. परंतु जे निखळ मानवी आहे ते कोणतीही पिढी मागच्या पिढीकडून शिकत नाही. प्रेम करणे प्रत्येक पिढीला पहिल्यापासून सुरू करावे लागते, आणि श्रद्धेचेही तसेच. ग्रंथाच्या अखेरीस हेराक्लिटसच्या शिष्याची कथा येते. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही, हे गुरूचे म्हणणे; शिष्य ‘पुढे’ गेला आणि म्हणाला, एकदाही उतरता येत नाही. परिणामी गुरूने प्रतिपादिलेली गतीच नाहीशी झाली. ज्या मताला गुरूने मागे टाकले होते, तेथेच शिष्य जाऊन पोचला.

किर्केगार्दची ही मांडणी टिळक कुटुंबाला लावून पाहिली तर ती कोठे टिकते आणि कोठे अपुरी पडते, हे दिसते. रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेल्या बायबलपासून टिळकांचा शोध सुरू झाला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मधली वर्षे पतीच्या श्रद्धेचा वारसा हळूहळू झिरपण्याची नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की लक्ष्मीबाईंचा प्रश्न टिळकांच्या प्रश्नाहून निराळा आहे. टिळक तत्त्वाच्या आणि राष्ट्राच्या वाटेने गेले. लक्ष्मीबाईंना सोवळ्याओवळ्याच्या, कोणाच्या हातचे पाणी प्यावे याच्या रोजच्या प्रश्नातून वाट काढावी लागली. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. येथपर्यंत किर्केगार्द बरोबर आहे: आरंभ पहिल्यापासून झाला.

परंतु तो शून्यापासून झाला नाही. टिळकांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी मोडतोड झाली, ती त्यांच्या श्रद्धेच्या आधी घडलेली आहे, आणि तिच्यावाचून त्यांचा प्रश्न उभाच राहिला नसता. आधीच्याने नंतरच्याला श्रद्धा दिली नाही. श्रद्धेचा प्रश्न दिला, आणि तोही घावाच्या रूपात. किर्केगार्दचा श्रद्धावान एकटाच मोरिया पर्वत चढतो. त्या दिवशी घरी राहिलेल्या सारेचे काय झाले, याला त्याच्या ग्रंथात फारशी जागा नाही. (ज्या लेखकाने वाङ्‌निश्चय मोडून हे पुस्तक लिहिले, त्याच्याकडून ही उणीव राहावी, हे अगदीच अनाकलनीय नाही.) ‘स्मृतिचित्रे’ ही सारेच्या बाजूने सांगितलेली हकिकत आहे. ‘अधिक साध्य केले’ असे म्हणताना ते कोणाच्या खर्चाने, हा नैतिक प्रश्न तेथे विनोदाच्या आवरणाखाली सतत जागा असतो.

टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले. संख्येच्या हिशोबात हे निःसंशय ‘अधिक’ आहे. तरीही मराठी वाचकाने लक्ष्मीबाईंना थोर मानले ते ‘ख्रिस्तायना’मुळे नव्हे, 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या आठवणींमुळे. जेथे त्या टिळकांचेच काम वाढवीत होत्या तेथे त्या दुय्यम राहिल्या, आणि जेथे पुढे जाण्याचा हेतूच नव्हता तेथे श्रेष्ठ ठरल्या. 1950 साली आलेल्या इंग्रजी अनुवादाला ‘आय फॉलो आफ्टर’ हे शीर्षक मिळाले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल, आपण अजून मिळविलेले नाही, मागे लागलो आहोत, असे म्हणतो. ते शब्द या शीर्षकात ऐकू येतात.

टिळकांना तुकाराम हा ख्रिस्ताकडे नेणारा पूल वाटला. पुलाची ही प्रतिमा स्वतःच ‘पुढे जाण्या’ची आहे: पूल ओलांडायचा असतो. वारकरी परंपरेत मात्र पिढ्यांचा संबंध असा ओलांडण्याचा नाही. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई परंपरेनुसार लहानपणीच नामदेवांच्या घरी गेली. ज्या नरसीशी नामदेवांचे नाव जोडले जाते, तीही 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. त्या घरात आई, पत्नी, मुले, सून अशा सर्वांच्या नावावर अभंग आहेत, आणि नामदेवांच्या पुढे गेल्याचा दावा कोणाचाच नाही. आजचा वाचक जनाबाईचे काही अभंग नामदेवांच्या अभंगांहून सरस मानील. पण तिची नाममुद्रा ‘नामयाची दासी’ हीच राहते. या नाममुद्रेत स्पर्धेचा नकार पाहणे योग्य आहे, तरी दासी हा शब्द तेथे केवळ रूपक नाही, हे विसरून चालणार नाही. दळणकांडण करणाऱ्या स्त्रीला तुलनेचा अधिकार कोणी दिला होता, हा प्रश्न उरतोच. लक्ष्मीबाईंचे मागून जाणे आणि जनाबाईचे दासी असणे यांतील किती भाग भक्तीचा आणि किती व्यवस्थेचा, हे संहितेवरून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

स्वतः टिळकही आपल्याच पहिल्या मुक्कामावर थांबले नाहीत. 1917 साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला; 1919 साली त्यांचे निधन झाले. दरबार फार टिकला नाही. चढत्या आलेखात हा प्रयत्न अपयश म्हणून नोंदवावा लागेल, आणि श्रद्धेच्या दृष्टीने कदाचित तोच त्यांचा सर्वांत धाडसी आरंभ होता.

त्या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांचे काम आणखी वेगळ्या जातीचे आहे. मुलगा देवदत्त याने आईच्या आठवणी छापील रूपात वाचकांपुढे आणल्या. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. संपादकाने स्वतः मागे राहावे आणि आधीच्या पिढीचे वाक्य तिने लिहिले तसे वाचकाच्या हाती द्यावे, अशी या कामाची रीत असते. ‘अधिक’ आणि ‘उणे’ अशा दोनच रकान्यांच्या वहीत हे काम कोठे मांडायचे, याचा विचार मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासकारांनी अद्याप केलेला नाही.