आखूड झालेलें अंगडें

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत देहत्यागाला जुन्या वस्त्राच्या त्यागाची उपमा दिलेली आहे, आणि ती आपल्या समाजांत इतकी रुळून गेली आहे कीं, स्मशानांतून परतणारा निरक्षर मनुष्यहि ती सहज बोलून जातो. अहिल्यानगर जिल्ह्याला तर ह्या उपमेविषयीं विशेष आपलेपणा वाटावयास हरकत नाहीं. कारण तिचें मराठी निरूपण ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें ह्याच जिल्ह्यांतील नेवासें येथें केलें. परंतु ज्याच्या घरीं लहान मूल आहे त्यानें क्षणभर विचार केला, तर ही उपमा त्याच्या घराला लागू पडत नाहीं असें त्याच्या ध्यानांत येईल. गीतेंतील वस्त्र जीर्ण होतें म्हणून टाकलें जातें. मुलाचें वस्त्र जीर्ण होत नाहीं. त्याच्या आंतला देहच वाढतो. जन्मतः सुमारें ५० सेंटिमीटर लांबीचें अर्भक वर्षअखेर सुमारें ७५ सेंटिमीटरांचें होतें, आणि त्याचें वजन जन्माच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जातें. एवढ्या अवधींत तीन-चार मापांचीं झबलीं त्याच्या अंगावरून जातात. बारशाला मामानें आणलेला रेशमी अंगरखा तर बहुधा दोनदांच अंगाला लागतो, आणि त्यांपैकीं एकदां केवळ छायाचित्रासाठीं.

अशा रीतीनें प्रत्येक घरांत एक विलक्षण वस्तु सांचत जाते. ती धड आहे, पण जिच्या मालकाला तिचा उपयोग उरलेला नाहीं. तिचें काय करावें, हा प्रश्न दिसावयास बायकांच्या पेटीपुरता आहे. परंतु देणें आणि विकणें ह्या दोन क्रियांमधील नैतिक अंतर ज्याला तपासावयाचें असेल, त्याला ह्याहून सोयीचें उदाहरण सांपडणें कठीण.

जुन्या घरांतून ह्या प्रश्नाचीं उत्तरें ठरलेलीं होतीं. थोरल्याचें धाकट्याला, धाकट्याचें बहिणीच्या मुलाला, तेथून जें उरेल तें गोधडीच्या पोटांत. शहरांतील चाळींतून बोहारीण येई व जुन्या कपड्यांच्या बदल्यांत भांडें देई. पण तिची नजर जरीच्या लुगड्यावर असे, हातभर झबल्याला तिच्या हिशेबांत फारसें मोल नसे. मुलाच्या कपड्याची विक्री होत नसे याचें एक कारण असें अगदीं रोकडें आहे. त्याला केवळ आपल्या पूर्वजांची उदारबुद्धि समजून चालणार नाहीं.

तथापि एक चाल मात्र खरोखर विचार करण्याजोगी होती. नवजात अर्भकाला पहिलें वस्त्र कोरें घालूं नये, तें आजोबांच्या धुऊन मऊ झालेल्या धोतराचें किंवा दुसऱ्या निरोगी मुलाच्या अंगावरून आलेलें असावें, असा संकेत पुष्कळ घरीं पाळीत. ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथील आई तर घरोघर पदर पसरून जुनीं अंगडीं मागून आणी, आणि मुलाचें नांवहि भिकू, धोंडू किंवा केरू असें ठेवी. दृष्ट लागूं नये ही त्यांतील समजूत आपण सोडून देऊं. कोऱ्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोंचते, हा त्यांतील शहाणपणाहि क्षणभर बाजूला ठेवूं. ध्यानांत घेण्यासारखें हें कीं, येथें जुनें वस्त्र मागण्यांत कमीपणा नव्हता. देणारीजवळ संपत्ति होती म्हणून ती देणारी ठरली नव्हती. तिचें मूल जगलें होतें म्हणून ठरली होती. संपन्न घरची सूनहि शेजारणीच्या दारांत मागावयास जाऊं शके. पदर पुढें झाला तरी मान खालीं जात नसे.

परंतु ह्या चित्रावर भाळून जाण्यापूर्वी त्याची चौकट पाहिली पाहिजे. हें मागणें आणि देणें मुख्यतः नात्याच्या व जातीच्या कुंपणाच्या आंत चाले. कुंपणाबाहेर जें वस्त्र जाई, त्याचें नांव 'उतरलेलें' असें होतें, आणि त्या शब्दांत घेणाऱ्याची पायरीहि सांगितलेली असे. हा केवळ रूढीचा दोष नव्हे. त्याला धर्मशास्त्राची संमति होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत शूद्र सेवकाला उष्टें अन्न आणि जीर्ण वस्त्रें द्यावींत असें सांगितलें आहे, आणि चांडाळांनीं तर प्रेतावरचीं वस्त्रें नेसावींत अशी त्याच अध्यायाची आज्ञा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं जो ग्रंथ जाळण्यांत आला, त्यांत ह्या आज्ञा होत्या. ज्यांच्या आजापणज्यांनीं दुसऱ्याचें उतरलेलें अंगावर घालून पिढ्या काढल्या, त्यांच्या नातवासमोर आज कोणी सहृदयतेनें जुन्या कपड्यांचें गांठोडें धरलें, आणि त्यानें तें परत लोटलें, तर त्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार त्या सहृदय मनुष्याला पोंचत नाहीं.

ह्या पार्श्वभूमीवर आजच्या विक्रीकडे पाहावें. अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर करंजीच्या पुढें तिसगांव लागतें. आठवड्याच्या बाजाराचें, चार रस्त्यांच्या वर्दळीचें असें हें गांव आहे. येथील एखाद्या गृहिणीनें मनांत आणलें, तर ती आज मुलाच्या आखूड झालेल्या अंगड्याचें छायाचित्र मोबाइलवर काढून, 'सहा ते बारा महिने, तीनदां वापरलेलें' असा मजकूर लिहून, फेसबुकच्या बाजारांत किंवा व्हॉट्सॲपवरील एखाद्या मंडळांत तें मांडूं शकते. २०१६ सालीं यूपीआयची पद्धति सुरू झाल्यापासून पुण्याच्या गिऱ्हाइकाचे पैसे तिच्या खात्यांत क्षणांत येतात. एका झबल्याच्या किमतीहून टपालखर्च अधिक होतो, म्हणून हुशार बायका मापवार गठ्ठा करून विकतात. युरोपांत तर ह्या व्यवहाराच्या मोठ्या पेढ्या झाल्या आहेत. लिथुएनियांतील व्हिल्न्यूस येथें २००८ मध्यें निघालेली 'व्हिंटेड' ही त्यांतलीच एक. (जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. अंगडें विकावयाचें तर अंगड्याचें चित्र द्यावें. तें घातलेल्या मुलाचा चेहरा अनोळखी गिऱ्हाइकांपुढें मांडूं नये. वस्तु विक्रीस आहे, मूल नाहीं.)

ह्या विक्रीवर जो पहिला आक्षेप येतो तो बहुधा घरांतील वडील माणसांचा असतो: 'लेकराचे कपडे कोणी विकतें काय!' त्या उद्गारांत दोन निराळ्या भावना मिसळलेल्या असतात. मुलाच्या अंगावरची वस्तु केवळ वस्तु नव्हे, तिला त्याचा वास आहे, ही एक. आणि चार पैशांसाठीं आपण जुनें विकतों असें लोकांना दिसेल, ही दुसरी. पहिली भावना खरी आहे, पण ती देण्याच्याहि तितकीच आड येते. ज्या आईला वास मोडवत नाहीं ती अंगडें पेटींत ठेवते, दान करीत नाहीं. दुसरी भावना म्हणजे निव्वळ प्रतिष्ठेची धास्ती होय, आणि तिला नीतीचें नांव देण्याचें कारण नाहीं. शेतकऱ्यानें घरचें दूध विकलें तर आपण त्याला हिणवीत नाहीं. मग कापसाला पाणी घालून, सूत कातून, विणून, शिवून जी वस्तु तयार झाली ती पेटींत कुजूं न देतां दुसऱ्या मुलाच्या अंगावर पोंचविणारी स्त्री निंद्य कशी ठरते?

उलट विक्रीच्या बाजूनें एक फार मोठी गोष्ट आहे. दाम मोजणारा कोणाचा मिंधा होत नाहीं. गिऱ्हाईक झबलें उलटें करून पाहूं शकतें, डाग दाखवूं शकतें, 'नको' म्हणूं शकतें. दान घेणाऱ्याला ह्यांतलें कांहींहि करतां येत नाहीं; त्यानें डागासकट आभार मानावयाचे असतात. उतरलेल्या वस्त्राचा जो इतिहास वर सांगितला, त्याचें विष रुपयाच्या नाण्यानें जितकें उतरतें तितकें दयेनें उतरत नाहीं. म्हणून विकणें हलकें आणि देणें थोर, ही वांटणी मला मान्य नाहीं.

तरीहि ह्या विक्रींत एक अनर्थ आहे. तो विकण्याच्या क्षणीं घडत नाहीं. त्याच्या आधीं, पेटी उघडून निवड करतांना घडतो. जें चांगलें, जें ऊबदार, ज्यावर प्रसिद्ध कंपनीची चिठ्ठी शाबूत, तें विक्रीच्या ढिगांत जातें. ज्याचीं बटणें तुटलीं, ज्याची नाडी हरवली, ज्यावर गाजराचा डाग कायमचा बसला, तें 'गरिबांना देऊं' म्हणून दुसऱ्या ढिगांत पडतें. पूर्वी पेटींतील चांगलें-वाईट सर्व एकाच वाटेनें जाई, आणि त्या वाटेवर एखादें उत्तम अंगडें निदान योगायोगानें तरी गरजवंताच्या हातीं लागे. आतां दान म्हणजे बाजारानें नाकारलेला शेष, असा त्याचा अर्थ होऊं लागला आहे. गाळ देऊन आपण दातृत्वाचें समाधान मिळवितों, हें मला विक्रीच्या पैशाहून अधिक अशुद्ध वाटतें.

ही खोड नवी नाहीं. कठोपनिषदांत वाजश्रवस सर्वस्वाचें दान करावयास बसला, आणि त्यानें ज्या गाई काढल्या त्यांचें शेवटचें पाणी पिऊन झालें होतें, शेवटचें गवत खाऊन झालें होतें, दूध देणें संपलें होतें. हें लक्षांत आलें तें त्याच्या मुलाच्या, नचिकेत्याच्या. मला कोणाला देतां, असें त्यानें बापाला पुनः पुनः विचारलें, आणि बापानें संतापून उत्तर दिलें, मृत्यूला. त्या कथेचें पुढील तत्त्वज्ञान जगप्रसिद्ध आहे. परंतु तिचा आरंभ भाकड गाईच्या दानांतून व्हावा, आणि तें पाहून लाज मुलाला वाटावी, ह्याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं.

दिल्लीच्या 'गूंज' ह्या संस्थेनें ह्या पेंचांतून एक वाट काढण्याचा यत्न केला आहे. १९९९ मध्यें ती स्थापणाऱ्या अंशु गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही संस्था शहरांतील जुने कपडे निवडून, दुरुस्त करून खेड्यांत पाठविते, पण फुकट वांटीत नाहीं. गांवकरी विहीर खणतात, रस्ता नीट करतात, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यांत कपडे घेतात. घेणाऱ्याचा मान राखण्याचा हा प्रकार मला आदरणीय वाटतो. मात्र एक शंका सुटत नाहीं. शहरवासीयाला जी वस्तु नकोशी होती तिच्यासाठीं खेडुतानें घाम गाळावयाचा, आणि मान कोणाचा राखला गेला हें दोघांनाहि विचारावयाचें नाहीं, असें तर होत नाहीं ना? विहीर त्याच्याच गांवची असते, हें त्यावरील उत्तर. तें बऱ्याच अंशीं पटतें, सर्वांशीं पटत नाहीं.

पुन्हां तिसगांवाकडे येऊं. पाथर्डी तालुका हा ऊसतोडणीच्या मजुरांचा तालुका. दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं, ज्यांना तेथल्या भाषेंत 'कोयता' म्हणतात, कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि त्यांच्याबरोबर अंगावरचीं पोरेंहि जातात. सारी थंडी उसाच्या फडाशेजारच्या कोपींत काढावयाची असते. पहाटे आई फडांत जाते तेव्हां तिच्या तान्ह्याला जी एक वस्तु हवी असते ती म्हणजे स्वेटर, किंवा कानटोपी, किंवा जाड कुंची. आणि वर सांगितलेल्या निवडींत नेमकी हीच वस्तु गरिबांच्या ढिगांत कधीं पडत नाहीं. कारण लोकरीच्या कपड्याला शहरांत चांगलें गिऱ्हाईक आहे, आणि लहान मूल तो एका हिंवाळ्यांत झिजवूंहि शकत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, तर मग स्वेटर फुकट द्या. मी तसें म्हणणार नाहीं. ती तोडणीवाली बाई दिवसभर घाम गाळून पैसा मिळविणारी आहे; आठवड्याच्या बाजारांत जुन्या कपड्यांच्या ढिगापाशीं बसून ती घासाघीस करून घेते, आणि घासाघीस करण्यांत तिचा जो मान आहे तो तिच्यापासून काढून घेण्याचें मला कारण दिसत नाहीं. समजा, तोच स्वेटर पुण्याला दोनशें रुपयांना जातो. गृहिणीनें तो तिसगांवांतच ओळखीच्या मजुरणीला वीस रुपयांना विकला, तर मजुरणीच्या दृष्टीनें तो सौदा झाला. तिनें तो उलटापालटा करून पाहिला, पांच रुपये कमी करून मागितले, आणि दाम मोजून नेला. मधले एकशेंऐंशी रुपये विकणारीनें दिले खरे, पण ते दिल्याचें फक्त तिलाच ठाऊक.

ह्यावर एक व्यावहारिक आक्षेप येईल कीं, वीस रुपयांना नेलेला स्वेटर ती बाई पुढें पन्नासाला विकील. विकूं द्यावा. तो तिचा आहे, आणि तिच्या मुलालाहि तो पुढच्या दिवाळीपर्यंत आखूड होणारच आहे.