पाचवं कारण

2019 च्या जानेवारीत बाबा गेले. फोन आला त्याच संध्याकाळी आम्ही मिनियापोलिसहून सांगलीला निघालो. घर पंधरा मिनिटांत बंद केलं. स्मार्ट थर्मोस्टॅट 60 अंश फॅरनहाइटवर लावला. फोनवर तो दिसत होताच, म्हणून काळजी वाटली नाही.

30 जानेवारीला तिथला पारा उणे 28 फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 33 सेल्सिअसवर उतरला. इकडे बाबांचे दिवस चालले होते. रात्री एकदा मी अ‍ॅप उघडलं. आकडा 60 होता, खाली बारीक अक्षरांत ‘ऑफलाइन’. इंटरनेट गेलं असेल, असं म्हणून फोन पालथा ठेवला. तो आकडा दोन दिवसांपूर्वीचा होता.

आमचं घर जुनं. थर्मोस्टॅटपर्यंत दोनच तारा आलेल्या. अखंड वीज देणारी आणखी एक तार, जिला तिथले कारागीर सी-वायर म्हणतात, ती नव्हतीच. फर्नेसच्या सर्किटमधून थोडी थोडी वीज घेऊन तो आपली बॅटरी भरायचा. बॅटरी उतरली आणि फर्नेसला ‘पेट’ म्हणणारं घरात कुणी राहिलं नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फच पाइप फाडतो, अशी माझी समजूत होती. प्लंबरनं समजावलं, की बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथं फुटतो. थंडी ओसरली, बर्फ सुटला, आणि शेजारच्या आजोबांना आमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी येताना दिसलं.

आई म्हणाली, “दैव गं, दुसरं काय.” त्या दिवसांत त्या शब्दानं मला खरंच आधार दिला. पण परतल्यावर विमा कंपनीच्या अर्जात एक प्रश्न होता: घर रिकामं असताना ते उबदार राहावं म्हणून वाजवी काळजी घेतली होती का? त्यापुढे ‘दैव’ लिहिता येईना.

बाबा रोज गीता वाचत. त्यांची पोथी मी सोबत आणली होती. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव आहे, पण पाचवं. आधीच्या चारांपाशी थांबल्याशिवाय तिथं जाता येत नाही, असं मी ते वाचते. थर्मोस्टॅट हे करण होतं, साधन. ते स्वतः निर्णय घेतं असं दिसतं, म्हणून मी माझं कर्तेपणही त्याच्याकडे सोपवून मोकळी झाले. साधन सोपवता येतं, कर्तेपण नाही. ‘ऑफलाइन’ हा शब्द मी वाचला होता, यंत्रानं नव्हे.

पुढच्याच श्लोकांत असंही आहे, की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्यालाही नीट दिसत नाही. ते वाचून मी बराच वेळ रडले. वडील गेले त्या संध्याकाळी पाण्याचा कॉक बंद करायचा राहिला, तर ती चूक होती; पाप नव्हतं. उणे 33 मी आणलं नव्हतं.

बाबा पंढरपूरला चार दिवस जायचे तरी टाकीचा कॉक बंद करून, सगळे नळ उघडून पाहायचे. आता भारतात यायला निघताना मी तळघरातला मुख्य कॉक बंद करते, नळ उघडून पाइप रिकामे करते आणि किल्ली शेजारच्या आजोबांकडे देते. ते एक दिवसाआड आत जाऊन भिंतीला हात लावून बघतात.