धारणीय आणि अधारणीय

सभ्यतेचा पहिला धडा कोणता, असा प्रश्न केला तर कोणी अक्षरओळख म्हणेल, कोणी वडीलधाऱ्यांना करावयाचा नमस्कार म्हणेल. वस्तुतः त्याही आधी एक धडा प्रत्येक मुलाला दिला जातो. मलमूत्राचा वेग आला की सांगावे आणि योग्य जागी जाईपर्यंत थांबावे, हा तो धडा होय. तो साधला की मूल 'शहाणे झाले' असे घरची माणसे कौतुकाने म्हणतात, आणि पुढे जन्मभर त्या धड्याची कोणाला आठवणही राहत नाही. परंतु एखाद्याचे हे नियमन ऐन उमेदीच्या वयात, त्याचा काहीही अपराध नसता, शिथिल झाले तर त्याच्या शहाणपणाचे आणि प्रतिष्ठेचे काय होते? शरीरावरचा ताबा आणि मनावरचा संयम या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या एकरूप आहेत काय? हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आलेला नाही; म्हणून प्रथम थोडी स्वतःची हकीकत सांगणे भाग आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात व रक्तमिश्रित जुलाब होतात. पुष्कळांच्या बाबतीत तो औषधांनी आटोक्यात राहतो. माझ्या बाबतीत राहिला नाही. अशा वेळी मोठे आतडे गुदाशयासह काढून टाकावे लागते. पूर्वी त्यानंतर लहान आतड्याचे टोक पोटावर कायमचे बाहेर आणून ठेवीत व मल तेथे लावलेल्या पिशवीत जमा होई. आजही असंख्य माणसे तशी पिशवी बाळगून कर्तबगारीचे आयुष्य जगत आहेत. 1978 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी लहान आतड्याच्याच शेवटच्या भागाची आतल्या आत पिशवी शिवून ती गुदद्वाराशी जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. 1980 साली जपानी शल्यविशारद उत्सुनोमिया यांनी त्या पिशवीला इंग्रजी 'जे' अक्षराचा सुटसुटीत आकार दिला. हाच तो 'जे-पाउच'. तीन वर्षांपूर्वी माझ्यावर ही शस्त्रक्रिया झाली आणि तिने मला जीवदान दिले.

तथापि, शिवलेली पिशवी म्हणजे मोठे आतडे नव्हे. मोठे आतडे दररोज लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी शोषून घेते. ते गेले की मल पातळच राहतो, आणि नव्या पिशवीची धारणशक्तीही प्रारंभी बेताचीच असते. पहिले काही महिने दिवसातून दहा-बारा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा शौचास जावे लागते. पिशवी हळूहळू ताणते, लहान आतडे नवे काम शिकते, आणि वर्षभरात हा आकडा बहुधा 4 ते 8 यांच्या दरम्यान येऊन ठेपतो. माझा आकडा दिवसा 6 आणि रात्री 1 असा स्थिरावला आहे. डॉक्टरांच्या लेखी हा उत्तम परिणाम होय. कचेरीच्या लेखी मात्र ही गोष्ट इतकी साधी नाही.

दिवसाच्या सहांपैकी तीन खेपा कचेरीच्या वेळात येतात. फाईल पुढे उघडी आणि खुर्ची रिकामी, हे दृश्य कोणत्याही विभागात शंकेचे कारण होते. चहाला, विड्याला, निवडणुकीच्या गप्पांना उठलेल्या माणसाला कोणी काही विचारीत नाही. कारण त्याचे उठणे स्वेच्छेचे असते. ज्याला उठावेच लागते, त्याच्याकडे मात्र माना वळतात. आपल्या समाजात पंगतीतून मध्येच उठणे हा अन्नाचा आणि यजमानाचा अपमान समजतात. आम्ही परप्रांती राहणारी मराठी माणसे गणेशोत्सवाच्या जेवणावळीला आणि गाण्याच्या बैठकीला वर्षभर वाट पाहून जमतो. तेथे दाराजवळची जागा शोधणारा माणूस काहींना तुसडा वाटतो, काहींना घाईचा. सुटीत घरी जाताना मी रात्रीच्या आरामगाडीऐवजी आगगाडीच पसंत करतो, तेव्हा नातेवाईक मला जुन्या वळणाचा समजतात. गाडीच्या डब्याच्या टोकाला असलेले ते अरुंद दार मला किती आश्वासक वाटते, हे त्यांना काय ठाऊक?

या संकोचाचा माग काढीत गेलो, तेव्हा प्रथम भाषाच आड आली. आपण 'परसाकडे' जातो, 'बहिर्दिशेस' जातो; म्हणजे कोठे जातो ते सांगतो, कशासाठी ते सांगत नाही. 'शौच' हा शब्द तर याहून बोलका आहे. त्याचा मूळ अर्थ शुचिता. पतंजलींनी पाच नियम सांगितले त्यांत पहिला शौच. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजली आहेत, त्यांतही शौच आहे. ज्या क्रियेचे नाव घेण्यास आपण लाजतो, तिला आपण पावित्र्याचेच नाव दिले आहे. पूर्वजांनी ही केवळ झाकपाक केली असे मला वाटत नाही. शरीरातील त्याज्य ते वेळच्या वेळी टाकणे आणि पाण्याने स्वच्छ होणे यांत अपवित्र काही नाही, ही जाणीव त्या शब्दात आहे. आपण शब्द ठेवला आणि जाणीव मात्र गमावली.

याहून थेट उत्तर चरकसंहितेत मिळते. सूत्रस्थानाचा सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' या नावाने ओळखला जातो. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, निद्रा असे तेरा शारीरिक वेग तेथे सांगितले असून ते अडवू नयेत, अडविल्यास रोग होतात, असा इशारा दिला आहे. पण अध्याय तेथे संपत नाही. त्याच ओघात, कोणते वेग अडवावेत हेही तो सांगतो. लोभ, शोक, भय, क्रोध, गर्व, निर्लज्जता, मत्सर हे मनाचे वेग. कठोर व असत्य बोलणे हा वाणीचा वेग. परपीडा, चोरी हा कर्माचा वेग. धारणीय आणि अधारणीय यांची इतकी स्वच्छ विभागणी मी अन्यत्र पाहिली नाही. आपण व्यवहारात नेमके उलट करतो. सभेत शिंक दाबतो आणि मत्सर मोकळा सोडतो. पोटातली कळ अडवून धरतो आणि जिभेवरचे कठोर वाक्य मात्र अडवीत नाही. संयम हा सद्गुण खरा. पण त्याचे क्षेत्र मन, वाणी व कर्म हे आहे. आतड्याने तो पाळला नाही म्हणून मनुष्य असंयमी ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की पाउचच्या रोग्याला तर डॉक्टर वेग थोडा रोखून धरण्यास सांगतात, मग चरकाचे काय? आक्षेप योग्य आहे. पिशवीची क्षमता वाढावी म्हणून प्रत्येक सूचनेला लगेच न उठता काही मिनिटे थांबण्याची सवय हळूहळू करावी लागते, श्रोणीच्या स्नायूंचे व्यायामही करावे लागतात. पण हे थांबणे लोक काय म्हणतील म्हणून नसते. ते शरीराशी केलेले सहकार्य असते. बाळपणी शिकलेला तो पहिला धडा प्रौढपणी पुन्हा पाटीवर गिरवावा लागतो, एवढेच. बाकीची दिनचर्याही अशीच आहे. दहीभात, केळे, बटाटा हे मित्र. तिखट जाळ, कच्च्या पालेभाज्या आणि जास्त कॉफी यांच्याशी बेताने वागावे. बद्धकोष्ठावरचे म्हणून घरोघरी ठाऊक असलेले इसबगोल थोड्या पाण्यात घेतले तर मल घट्ट करते. डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणापूर्वी लोपेरामाइड घेतल्याने आतड्याची घाई कमी होते. पाणी व क्षार सतत जात असल्याने जलसंजीवनी जवळ ठेवावी. संध्याकाळचे जेवण लवकर घेतले तर रात्रीची झोप कमी मोडते. लहान आतड्यातील पाचक रसांनी त्वचा होरपळते. ती नुसत्या पाण्याने धुऊन, न घासता टिपून, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. आपल्याकडील पाण्याने धुण्याची रीत येथे वरदानच ठरते. आणि खेपा एकाएकी वाढल्या, ताप किंवा दुखणे आले, तर ती पिशवीची सूज असू शकते. तिच्यावर बहुधा प्रतिजैविके लागू पडतात. लाजेपायी तेव्हा गप्प राहणे हा शरीरावर अन्याय होय.

येथे लज्जेचा प्रश्न सरळच येतो. निर्लज्जतेला चरकानेच धारणीय वेगांत घातले आहे, हे विसरता येत नाही. म्हणून पोटाची कथा पंगतीत ऐकवीत सुटावे असे मी म्हणणार नाही. परंतु एकांत राखणे आणि लपवालपवी करणे यांत अंतर आहे. एकांत हा माझा अधिकार आहे; लपवालपवी हा माझ्यावर लादलेला दंड आहे. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच कोलायटिसचा विकार होता. 2007 साली त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली तेव्हा आजाराचा शब्दही उच्चारला नाही. 2020 साली पुन्हा पद सोडताना त्यांनी रोगाचे नाव घेऊन कारण सांगितले. मधल्या तेरा वर्षांत रोग बदलला नव्हता. त्याविषयी बोलणे तेवढे शक्य झाले होते.

आम्हा कारकून मंडळींना एक उदाहरण अधिक जवळचे वाटेल. 1909 साली ओखिलचंद्र सेन या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिले. शौचास उतरले असता गाडी सुटली आणि धावताना फलाटावर पडून सर्वांसमोर फजिती झाली, अशी त्यांची तक्रार होती. डब्यांत शौचालये होण्यास हे पत्र कारण झाले असे सांगतात. त्याच्या मोडक्या इंग्रजीला लोक आजवर हसत आले आहेत. मला मात्र त्यात एक धीट माणूस दिसतो. आपली फजिती त्याने गिळून टाकली नाही. ती अर्जाच्या रूपाने जेथे दाद मागावयाची तेथे मांडली. लाजेची गोष्ट त्याने सोयीची गोष्ट केली.

मग सांगावे कोणाला आणि किती? माझे उत्तर असे : ज्याच्या कामावर माझ्या उठण्याचा परिणाम होतो त्याला एक वाक्य देणे लागते; ज्याला केवळ कुतूहल आहे त्याला काहीच नाही. मी आमच्या विभाग अधिकाऱ्यांना एवढेच सांगितले, की आतड्यांची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे मला वरचेवर उठावे लागते, काम मागे राहणार नाही. त्यांनी मान हलविली आणि पुढची फाईल मागितली. त्या मान हलविण्यात जो आदर होता, तो सहानुभूतीच्या लांब भाषणात नसता.

म्हणून उरलेले कर्तव्य पाहणाऱ्यांचे आहे. शेजारची खुर्ची वारंवार रिकामी दिसली तर तर्क न करणे, पंगतीत कोणी उठले तर त्याचे पान तसेच राखून ठेवणे, दाराजवळची जागा मागणाऱ्याला कारण न विचारता ती देणे, यांस खर्च काहीच येत नाही. रोग्याला आपला वेग अडविता येत नाही. पाहणाऱ्याला आपले कुतूहल मात्र अडविता येते. चरकाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिला वेग अधारणीय आहे आणि दुसरा धारणीय.