नाम आधी की औषध?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ५. अंतकाळी भगवंताचं स्मरण राहण्याचं महत्त्व इथे सांगितलंय. हा श्लोक आला की मला माझी आजी आठवते.

आजीला कॅन्सर होता. शेवटचे दिवस ती घरीच होती, एक सिस्टर रोज यायच्या. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तेव्हा मीच अडून बसलो. गुंगी आली तर तिच्या तोंडी नाम कसं येणार? सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दादा, एवढं दुखत असताना तरी कुठे येतंय?"

खरंच होतं ते. ती कण्हत होती आणि मी उशाशी बसून "आजी, राम म्हण" करत होतो.

सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, ते याच वाटेवर. कारण वेदनेने भरलेल्या मनात दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. देवालासुद्धा.

औषध सुरू झाल्यावर आजी दोन दिवस बरीचशी झोपून होती. मग गुंगी कमी झाली आणि तिने स्वतःहून जपमाळ मागितली.

शेवटच्या दिवशी तिला गिळता येईना. मी गंगाजलाची पळी पुढे केली, तर सिस्टरनी हात धरला. पाणी श्वासनलिकेत गेलं असतं. त्यांनी कापसाचा बोळा त्याच गंगाजलात भिजवला, आजीचे ओठ ओले केले आणि अलगद तिची कूस बदलली. आमची श्रद्धा राहिली, आणि आजीला त्रासही झाला नाही.

शेवटच्या क्षणी तिने नाम घेतलं का? मला ऐकू आलं नाही. बरेच दिवस ते टोचत होतं. आम्हा इंजिनिअर लोकांची नजर फायनल आउटपुटवरच असते ना! पण सातव्या श्लोकात भगवंत सर्वकाळ स्मरण करायला सांगतात. आजीने जन्मभर केलेला जप मी एका श्वासावर तोलत होतो. आणि खरं सांगू? ते नाम मला ऐकायचं होतं, माझ्या समाधानासाठी.

बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांची सुरुवात होते तीच अद्वेष, मैत्री आणि करुणेने. त्या सिस्टर पोथी वाचत असतील-नसतील, मी कधी विचारलं नाही. पण त्या लक्षणांत त्या मला दिसल्या.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आज "नाम घ्या" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "कुठे दुखतंय?" नाम आपणही घेऊ शकतो, त्यांचे पाय चेपता चेपता.

राम कृष्ण हरी!