दामूअण्णांची नजर

1936 साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात उभारलेल्या हंस पिक्चर्सने मराठी बोलपटाला, म्हणजे बोलत्या चित्रपटाला, जे विनोदाचे दालन उघडून दिले, त्यात नट दामूअण्णा मालवणकर यांचे स्थान मोलाचे आहे. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेल्या आणि विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्रँडीची बाटली' (1939) या चित्रपटात त्यांनी बगाराम हा नगरपालिकेतला बुजरा कारकून रंगवला. मालती नावाच्या तरुणीवर जीव जडलेला, दारूचा गंधही नसलेला हा भाबडा जीव तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी शोधत हिंडतो आणि त्या शोधातूनच सारा विनोद फुलत जातो. प्रसंगनिष्ठ विनोद, अर्थात शाब्दिक कोटीऐवजी पात्राच्या अडचणीतून उपजणारा विनोद, पेलण्यासाठी नटाने स्वतः हसायचे नसते, आणि हे पथ्य दामूअण्णांनी कसोशीने पाळले. त्यांचा एक डोळा तिरळा होता. समोरच्याकडे पाहताना ती नजर मध्येच दुसरीकडे वळल्यासारखी भासे, आणि भांबावलेपण शब्दांआधीच प्रेक्षकापर्यंत पोहोचे. शारीरिक वैगुण्याची टिंगल होऊ न देता त्यातून पात्राचा निरागसपणा उभा करणे, ही खरोखर थोर नटाचीच किमया होय. पुढच्याच वर्षी 'लग्न पहावे करून' या चित्रपटात विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांच्या कथांमधला चिमणराव पडद्यावर आला, तो दामूअण्णांच्याच रूपाने. आणि त्यांच्या शेजारी चिमणरावाचा जोडीदार गुंड्याभाऊ म्हणून विष्णुपंत जोग उभे होते.