आजचे चिंतन: हनुवटीखाली दोन बोटं

आजचा भाग भागवताच्या दशम स्कंधातला, अध्याय 42.

यवतमाळ जिल्ह्यात माझे एक काका राहतात. खर्रा खाऊन तोंडाचा कॅन्सर झाला, अर्धा जबडा काढला. तेव्हापासून भाकरी चावता येत नाही, हरिपाठाला मागे बसतात, तोंडावर दुपट्टा. आता डॉक्टर म्हणतात, पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा घडवता येईल. काकांना करायचंय. घरचे म्हणतात, "जीव वाचला ना? आता चेहऱ्याचा कसला मोह? देह तर जाणारच."

हे बोलणं आपण कीर्तनातूनच उचललंय, बरं का!

पण कुब्जा बघा. कंसाची दासी, तीन ठिकाणी वाकलेली. मथुरेच्या रस्त्यात तिने कृष्णाला उटी दिली. त्याने तिला देहाच्या नश्वरतेवर प्रवचन नाही दिलं. आपल्या पायांनी तिचे पाय दाबून धरले, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तिला सरळ उभं केलं. भर रस्त्यात. तिने तर मागितलंही नव्हतं. काका मागतायत.

सोमवारी मी त्यांना घेऊन नागपूरला जातोय. काल फोनवर विचारत होते, "दुपट्टा घेऊ का रे?"

म्हटलं, "घ्या ना काका. ऊन आहे, डोक्याला बांधा."