ऐकणाऱ्याचा कान

विस्तव पदरांत बांधून कोणी निजत नाहीं. परंतु शेजाऱ्याची कागाळी मनांत घेऊन आपण खुशाल निजतों. हा दोष केवळ सांगणाऱ्याचाच काय?

दावीद राजानें आपला मित्र योनाथान ह्याच्याशीं केलेला करार स्मरून त्याचा पांगळा पुत्र मफीबोशेथ ह्यास आपल्या पंक्तीस बसविलें होतें. पुढें अबशालोमाच्या बंडांत राजा यरुशलेम सोडून निघाला असतां सीबा नांवाचा चाकर भाकरी व द्राक्षारस घेऊन सामोरा आला, आणि आपला धनी राज्याच्या आशेनें मागें राहिला आहे असें त्यानें सांगितलें. चहाडी बहुधा अशीच सेवेच्या वेषांत येते. राजानें दुसरी बाजू न ऐकतां मफीबोशेथाचें सर्वस्व सीबास देऊन टाकलें.

राजा परतला तेव्हां मफीबोशेथ भेटीस आला. राजा गेल्या दिवसापासून त्यानें पाय धुतले नव्हते, वस्त्रेंहि धुतलीं नव्हतीं. त्याच्या शोकाची साक्ष त्याच्या देहावरच होती. तरी राजानें जमीन दोघांत वांटून दिली (२ शमुवेल १६ व १९). जमीन अर्धी परतली. पण पूर्वीचा विश्वास वांटून देतां येत नाहीं.

म्हणून विहिरीवर किंवा पारावर कोणी कानाशीं लागला, तर त्यास नम्रपणें विचारावें, "दादा, हें तुम्हीं त्याला स्वतः सांगितलें काय?" प्रभूनेंहि अपराध्याकडे आधीं एकांतीं जावें असें शिकविलें आहे (मत्तय १८:१५). ऐकणारा कान मिळाला नाहीं, तर चहाडी दारांतच मरते.